एक दिवस आपली, एक दिवस दुसरीची

तुमच्या आईने तुम्हाला एवढंच सांगितलं असणार की यंदाच्या उन्हाळ्यात छोटी आजी दवाखान्यात होती आणि आता बरी आहे. ते खरंच आहे. पण ती तिथे कशी पोचली आणि त्यात माझा हात किती, हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. फोनवर सांगायला गेलं की मध्येच आवाज तुटतो, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझा धीर सुटतो. म्हणून लिहून ठेवते आहे.

छोटी आजी म्हणजे माझी जाऊ, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये. रिटायर झाल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा दोघांनी मिळून कुरुदला हे घर बांधलं. खाली आम्ही, वर ते. आता दोघेही नाहीत. खाली मी, वर ती. चुली दोन आहेत, पण वर मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, भाजी झाली की वाटी खाली येते आणि खाली काही झालं की वाटी वर जाते. लग्न होऊन मी या घराण्यात आले त्याआधीपासून आमच्याकडे वाट्यांचं हे असंच चालतं.

दुखणं दोघींचं एकच होतं. लघवीचा जंतुसंसर्ग. हा शब्द मी इथे सरळ लिहिते आहे, कारण तुमच्या पिढीला त्याची लाज नाही. आमच्यात तो कोणी उच्चारत नसे. ‘खाली आग होते’ एवढंच बायका एकमेकींत म्हणायच्या, तेही आवाज उतरवून. सेक्टर सहामधल्या ज्या शाळेत मी तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं तिथे शिक्षिकांसाठी एकच संडास होता, स्टोअररूमच्या मागे, आणि त्याची कडी लागत नसे. म्हणून आम्ही सकाळपासून दुपारी दोनपर्यंत पाणीच प्यायचो नाही. घरी आल्यावर आधी चहा लागे, पाण्याची आठवणही होत नसे. जावेचं बालपण गोंदियाकडच्या खेड्यातलं. तिथे बाईने उजाडायच्या आत जाऊन यायचं आणि मग अंधार पडेपर्यंत थांबायचं. अशी सवय पुढे क्वार्टरमध्ये नळ, संडास सगळं मिळालं तरी जात नाही. म्हातारपणी तिची किंमत द्यावी लागते.

माझं दुखणं त्रासाचं होतं. तिचं धोक्याचं होतं. तिला शुगर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी संसर्ग एका किडनीपर्यंत चढला होता. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर ती किडनी वाचेलच असं सांगता येणार नाही. हे मला पूर्ण ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

ज्या दवाखान्यात आम्ही जायचो तिथे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वारंवार असा त्रास होणाऱ्या वयस्क बायकांवर एका औषधाचा अभ्यास चालू आहे. सहा महिने, रोज जेवणानंतर एक कॅप्सूल. आम्ही तिला गोळीच म्हणायचो. दर महिन्याला लघवीची तपासणी, आणि काही झालं तर लगेच डॉक्टर बघणार. चौदा पानांचा फॉर्म होता, हिंदीत आणि इंग्रजीत. जाऊ चौथीपर्यंत शिकलेली. म्हणून तो मी तिला आमच्याच घरी, पंख्याखाली बसून, मराठीत करून वाचून दाखवला.

“अर्ध्या बायकांना खरं औषध देणार,” मी म्हटलं, “आणि अर्ध्यांना पोकळ गोळी. दिसायला दोन्ही सारख्या.”

“पोकळ म्हंजे?”

“आत औषध नाही. पिठी, साखर असं काहीतरी.”

“मले शुगर हाये न! मंग साखरेची गोळी कावून देतात?”

“अगं, चिमूटभर असते.”

“आन कोनाले खरी, कोनाले खोटी, हे कोन ठरवते?”

“कॉम्प्युटर. डॉक्टरलाही ठाऊक नसतं.”

“बाई, तुमी एवढ्या शिकल्या, आन तुमाले हे बरोबर वाटून राह्यलं? डाक्टरलेच मालूम नाही तो काय देऊन राह्यला?”

मी शाळेतल्यासारखं समजावलं. कोणाला काय मिळतंय हे कळलं तर माणूस उगाच बरं वाटल्याचं सांगतो, म्हणून लपवतात, वगैरे. तिला पटलं की नाही कोण जाणे. पण दर महिन्याला तपासणी होणार आणि किडनीवर लक्ष राहणार, हे तिला पटलं. तिने सही केली. अकराव्या पानावर लिहिलं होतं की आपलं औषध दुसऱ्या कोणालाही देऊ नये. तेही मी मोठ्याने वाचलं होतं.

मग दर महिन्याची वारी सुरू झाली. कुरुदहून ऑटोने सिविक सेंटर, तिथून दुसरी ऑटो. अभ्यासाचं काम बघणारी नर्स इथलीच छत्तीसगढी मुलगी होती, हसरी आणि भरभर बोलणारी. ती आम्हाला एकेक डबी देऊन म्हणायची, “दाई, पहले धो लेना. फिर शुरू का छोड़ देना, बीच का डब्बी में लेना, आखिरी का भी छोड़ देना.”

पहिल्याच वेळी जाऊ बाथरूममधून बाहेर आली ती वैतागून. “बाप्पा, ह्या वयात नळ मधातच बंद करा आन मंग चालू करा म्हन्ते ही पोट्टी. माहा वायसर कधीचा गेला!”

नर्सला मराठी कळत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून समजलं. ती टेबलावर डोकं ठेवून हसली.

घरी भरायला डायऱ्या दिल्या होत्या. रोज आग किती, शून्य ते तीन. किती वेळा उठावं लागलं. गोळी घेतली का, हो की नाही. दोन्ही डायऱ्या मीच भरायची. ती वरून जिना उतरून सांगायची आणि मी लिहायची. वर्गातली हजेरी घेतल्यासारखं ते मला सोपं गेलं. बाटल्या परत देताना नर्स उरलेल्या गोळ्या मोजायची आणि डायरीशी ताडून बघायची. आमचा हिशेब कधी चुकला नाही.

पहिल्या दोन महिन्यांत मला दोनदा त्रास झाला. दोन्ही वेळा तसाच. पहाटे बसले की काच फिरल्यासारखी आग, थेंब थेंब, उठावं तर पुन्हा जावंसं वाटतं, आणि दुपारपर्यंत अंग असं गळून जातं की भाकरीचं पीठ मळायलाही हात उचलत नाही. पाच दिवस दुसरं औषध घ्यायचं, तोंड कडू व्हायचं, आणि बरं वाटून आठवडा झाला की पुन्हा आज होईल का ही धाकधूक. वाचायला बसले तरी लक्ष ओटीपोटाकडे असायचं. तुमच्याशी व्हिडिओवर बोलताना मी मध्येच ‘कुकर लागलाय’ म्हणून उठायची, तेव्हा कुकर लागलेला नसायचा.

जावेला त्या दोन महिन्यांत काहीच झालं नाही. तिच्या डायरीत नुसती शून्यं होती.

दुसऱ्या दुखण्यातून मी उठले त्या दिवशी तिने वरून वाटी आणली. मला वाटलं भाजी असेल. झाकण काढलं तर आत पंधरा गोळ्या होत्या.

“हे काय?”

“माह्यावाल्या. खरी माही हाये, हे तं लहान लेकराले बी समजते. तुमाले पोकळ भेटली.”

“असं नाही देता येत. फॉर्ममध्ये लिहिलं होतं, मी वाचलं नाही का तुला?”

“वाचलं न. दुसऱ्याले देऊ नोका म्हून. तुमी दुसऱ्या हाये काय?”

“तुझी किडनी…”

“दोन महिने झाले, मले काही नाही. मी एकटी आराम करू आन तुमी खाली कन्हत बसा? भाजी देतो तं औषध नाही देनार?” तिने वाटी ओट्यावर ठेवली. “तुमच्या पोकळ मले द्या. म्हंजे मोजाले बराबर होईन. त्या पोट्टीले काय समजते!”

मला तिथेच नाही म्हणायचं होतं. त्यामागची सगळी कारणं मला माहीत होती, ती मीच तिला समजावली होती. पण त्या सकाळी मी इतकी थकलेली होते की कोणीतरी आपला त्रास आपल्याकडून उचलून नेतंय, एवढंच मला दिसलं. खरं सांगायचं तर लालूचही होती. तिच्या डायरीतली ती शून्यं मी रोज माझ्याच हाताने लिहीत होते.

वाटीतल्या गोळ्या मात्र मी परत केल्या आणि शिस्त लावली. असं मूठ मूठ द्यायचं नाही, गोंधळ होईल. एक दिवस आपापली गोळी, दुसऱ्या दिवशी दुसरीची. विषम तारखेला आपली, सम तारखेला अदलाबदल. एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, दोन्ही विषम, तेव्हा काय करायचं हेही मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. आता ते आठवलं की माझं मलाच नवल वाटतं. एवढा विचार मी एकतीस तारखेचा केला, तिच्या शुगरचा नाही केला.

त्यानंतर मला काही झालं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. मी हळूहळू विसरले की मला काही दुखणं होतं. सिविक सेंटरला उतरून आम्ही दोघी उसाचा रस प्यायलो, तिला अर्धाच ग्लास. नर्सने बाटल्या मोजल्या आणि म्हणाली, “आप दोनों का तो एकदम बराबर रहता है. बाकी दाई लोगों को आपके पास भेजना पड़ेगा.” डायरीत एकही आकडा खोटा नव्हता. रोज एक गोळी घेतली का? हो. फक्त कोणाची, हे तिथे विचारलेलं नव्हतं.

मे महिन्यात एके दिवशी दुपारी वरून काहीच आवाज येईना. मी जिना चढून गेले. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं आणि जाऊ दोन गोधड्या घेऊन कुडकुडत पडली होती. कमरेला उजवीकडे हात लावू देईना. पलंगाखाली उलटी झालेली. मला बघून तिने विचारलं, “भाऊजी ड्युटीवरून आले काय?” भाऊजी म्हणजे माझे मिस्टर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

शेजारच्यांनी गाडी काढली. त्याच दवाखान्यात भरती केलं, सलाईन लावलं. वॉर्डच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की संसर्ग किडनीत गेला आहे. तिचा मुलगा पुण्याहून निघाला, पण तो दुसऱ्या दिवशीच पोचणार होता. तोवर जवळ मी एकटी.

ताप थोडा उतरला तेव्हा तिला भान आलं. तिने माझं मनगट धरलं. हात भट्टीसारखा तापलेला. “बाई, गोळ्याचं सांगू नोका. काढून टाकतीन आपल्याले. मंग माह्या किडनीकडे कोन पाहीन?”

“तू बोलू नको. पडून राहा.”

“माही शप्पथ हाये.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

थोड्या वेळाने अभ्यासाच्या डॉक्टरीणबाई हातात फाइल घेऊन आल्या. पलंगापासून दूर, खिडकीपाशी उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. लघवीच्या तपासणीतून कोणता जंतू आहे आणि त्यावर काय चालतं हे कळायला दोन-तीन दिवस लागतील. तोवर अंदाजाने इंजेक्शन द्यायचं, एक सुरू केलंच आहे. तिला अभ्यासात खरं औषध मिळत होतं की पोकळ, यावर तो अंदाज अवलंबून आहे. रोज खरं औषध पोटात जात असेल तर जंतू त्याला सरावलेला असू शकतो, मग त्या जातीचं इंजेक्शन उपयोगाचं नाही. म्हणून तिच्या बाटलीचा नंबर उघडायची परवानगी त्यांनी मागितली होती. एवढं सांगून त्यांनी फाइल चाळली. “एक दिवसही चुकवलेला नाही हिने,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नंबर उघडला की नक्की सांगता येईल.”

ते अक्षर माझं होतं. सगळ्या चौकटींत ‘हो’.

मी खिडकीची कड धरली आणि सांगितलं. वाटीपासून सांगितलं. शप्पथ मला ऐकू येत होती, पलंग सहा पावलांवर होता. डॉक्टरीणबाईंनी हातातली फाइल मिटली. शेवटी विचारलं, “कब से?”

मी तारीख सांगितली. कोणत्या दिवशी कोणाची गोळी तेही सांगितलं. सम, विषम.

“फॉर्म आप ही ने पढ़कर सुनाया था न इनको?”

“जी.”

“आप टीचर थीं?”

“जी.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून डोळे चोळले. त्याही सकाळपासून उभ्या असाव्यात. मग म्हणाल्या, आता दोघींचे नंबर उघडावे लागतील. आणि फोन करायला बाहेर गेल्या. तासाभरात वॉर्डातल्या नर्सने सुरू असलेली इंजेक्शनची बाटली काढून दुसरी लावली. जावेने डोळे मिटूनच विचारलं, “हे कावून बदललं?” मी म्हटलं, “पहिलं संपलं.”

तिसऱ्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला. पहिलं इंजेक्शन त्या जंतूवर चालणारं नव्हतं. बदललेलं चालणारं होतं. मी गप्प बसले असते तर हे तेव्हा, तिसऱ्या दिवशी कळलं असतं. त्या दोन दिवसांत किडनीचं काय झालं असतं हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाचव्या दिवशी ताप पूर्ण उतरला. किडनी वाचली, थोडी कमजोर होऊन.

मी सांगितलं हे तिला नर्सकडून कळलं. त्या दिवशी मी डब्यात पातळ खिचडी घेऊन गेले, तर तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

“सांगून देल्लं तुमी.”

“हो.”

“शप्पथ घातली होती.”

“ऐकली होती मी.”

“मरून गेली असती तं गेली असती. पोरापुढे इज्जत गेली माही. म्हने आईने दवाई वाटली, जशी का पंगत बसली होती.” मुलगा बिचारा पायथ्याशी बसून मोबाइल बघत होता. तिने खिचडी खाल्ली, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी रोज डबा नेत होते आणि रिकामा परत आणत होते. एवढं थकल्यासारखं मला तुमच्या आजोबांच्या दुखण्यातही झालं नव्हतं. तेव्हा निदान चूक माझी नव्हती.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी आम्हा दोघींना अभ्यासाच्या खोलीत बोलावलं. गोळ्या दोघींच्या बंद झाल्या होत्या. तपासण्या मात्र चालू राहणार होत्या, तिच्या किडनीच्याही, त्यामुळे तिची ती भीती फुकट गेली. कागदांवर सह्या झाल्या. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचे नंबर उघडलेलेच आहेत. कोणाला काय मिळत होतं हे जाणून घ्यायचं असेल तर सांगते.

मी ते जावेला मराठीत सांगितलं. ती उठलीच. “मले नाही आयकाचं. मी देल्लं ते देल्लं. आता त्याची चिरफाड कायले?” आणि पदर सावरत बाहेर बाकावर जाऊन बसली.

मी बसून राहिले आणि ऐकलं.

खरं औषध माझ्या बाटलीत होतं. तिची पोकळ होती.

म्हणजे पहिले दोन महिने ती औषधाशिवायच बरी होती, आणि मी औषध घेऊन दोनदा आजारी पडले. त्यानंतर तिने मला दिलं ते काहीच नव्हतं. मी तिला दिलं ते खरं होतं, पण एक दिवसाआड, अर्धवट. अर्धवट औषधाने जंतू मरत नाही, हट्टी होतो. मी विचारलं, त्यामुळेच झालं का हे? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होऊ शकतं, खात्रीने कोणीच सांगू शकणार नाही. तिची शुगरही वाढलेली होती. मग मी विचारलं, मला त्या महिन्यांत बरं कसं वाटलं? त्या म्हणाल्या, पाणी जास्त पीत होतात का? कधी कधी आपोआपही थांबतं. माझ्या तपासणीच्या कागदावर त्यांनी पुढची तारीख लिहिली आणि दुसऱ्या बाईला आत बोलावलं.

ऑटोत जावेने काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तिच्या फाइलमध्ये सगळं लिहिलेलं आहे, तिच्या मुलालाही मी सांगून ठेवलं आहे. पुढे कधी डॉक्टर बदलले तरी अडणार नाही. तेवढी व्यवस्था मी केली आहे.

आता ती बरी आहे, जिना हळू उतरते. संध्याकाळी गल्लीतल्या बायका आमच्या गेटपाशी खुर्च्या टाकतात. दवाखान्याचा विषय निघाला की ती माझ्याकडे हात करून सांगते, “यायची आग थांबतच नव्हती, मंग माह्या गोळ्या खाल्ल्या न, तवा थांबली. मले झालं तं झालं, काय करता, मोठ्या जाऊबाई हायेत.” बायका माझ्याकडे बघतात. मी मान हलवते आणि म्हणते, हो, हिच्यामुळेच. तुम्ही फोन कराल तेव्हा तिने हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्हीही हो म्हणा.